ज्योतीतली रेघ आणि रानातली माती

गॅसवर ठेवलेले वरण उतू जाते तेव्हा शेगडीची निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. घरातल्या प्रत्येक बाईने हे शेकडो वेळा पाहिले असेल. आपण फडके घेऊन धावतो, गॅस बारीक करतो आणि विसरून जातो. पण वाचकहो, त्या पिवळ्या रंगाकडे आज जरा थांबून बघा. तो रंग वरणाचा नाही, हळदीचाही नाही. तो मिठाचा आहे. मिठात सोडियम नावाचे मूलद्रव्य असते आणि सोडियम तापले की ते पिवळाच उजेड टाकते. मीठ समुद्राचे असो, सैंधव असो, किंवा घामात उतरलेले असो, उजेड तोच. चिमूटभर मीठ स्टोव्हच्या निळ्या ज्योतीवर टाकून पाहा, खात्री होईल.

दिवाळीतल्या फटाक्यांची गोष्टही हीच. लाल रंग येतो तो स्ट्रॉन्शियमच्या क्षारामुळे, हिरवा बेरियममुळे, निळा तांब्यामुळे. द्राक्षवाल्यांच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतेच. त्यातल्या तांब्याने ज्योत हिरवट होते. (हा प्रयोग मात्र स्वयंपाकघरात करू नका. मोरचूद विषारी आहे आणि त्याचा धूर घरात नको. मिठावर भागवा.)

आता तुम्ही म्हणाल, कृषी खात्याचा माणूस आणि हा फटाक्यांच्या गोष्टी कशाला सांगतो? सांगतो. तुमच्या घरी माती परीक्षणाची पत्रिका असेल. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली, तेव्हापासून ती बहुतेक घरांत पोचली आहे. कुठे ती भिंतीवर खिळ्याला आहे, कुठे रेशनकार्डाच्या पिशवीत. त्या पत्रिकेत बारा गोष्टी लिहिलेल्या असतात. त्यात एक ओळ असते उपलब्ध पालाशची, म्हणजे पोटॅशची. त्या ओळीतला आकडा अशाच एका ज्योतीतून येतो.

कसा, ते पाहू. प्रयोगशाळेत तुमची माती वाळवून, चाळून घेतात. त्यातली पाच ग्रॅम माती अमोनियम ॲसिटेटच्या पंचवीस मिलिलिटर द्रावणात घालून पाच मिनिटे हलवतात. मातीच्या कणांना चिकटलेले, पिकाला घेता येण्याजोगे पोटॅश द्रावणात उतरते. मग ते गाळून त्याचा बारीक फवारा एका ज्योतीत सोडतात. आपल्याकडच्या पुष्कळ प्रयोगशाळांत ही ज्योत तुमच्या घरी असतो त्याच सिलिंडरच्या गॅसची असते. पोटॅशियम तापले की त्याचा स्वतःचा उजेड पडतो. त्यात थोडा जांभळा असतो, तो डोळ्यांना दिसतो. पण खरा जोर असतो तो अगदी गडद लाल उजेडात, जिथे आपली नजर संपत आलेली असते. यंत्रासमोर अशी काच बसवलेली असते की फक्त तेवढाच लाल उजेड पलीकडे जावा. पलीकडे प्रकाश मोजणारा घटक असतो. उजेड जास्त तर पोटॅश जास्त. या यंत्राला फ्लेम फोटोमीटर म्हणतात. किती उजेड म्हणजे किती पोटॅश हे ठरवायला आधी शुद्ध पोटॅशियम क्लोराइडची ठरावीक ताकदीची द्रावणे ज्योतीत सोडून काटा जुळवून घेतात. आणि पोटॅशियम क्लोराइड म्हणजे तरी काय? तुमच्या गोणीतले म्युरेट ऑफ पोटॅशच, फक्त धुऊन शुद्ध केलेले.

तर मग प्रश्न असा की सोडियमने पिवळाच आणि पोटॅशियमने लाल-जांभळाच उजेड का टाकावा? त्यांनी रंगांची अदलाबदल का करू नये?

यासाठी आपण आपल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीकडे जाऊ. विहिरीत तुम्ही या पायरीवर उभे राहाल किंवा त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मध्ये हवेत कुणाला उभे राहता येत नाही. अणूच्या आत जे इलेक्ट्रॉन असतात त्यांचेही असेच आहे. त्यांना ठरावीक पायऱ्या असतात. ज्योतीची ऊब मिळाली की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, आणि क्षणात पुन्हा खाली उतरतो. उतरताना चढण्यासाठी घेतलेली शक्ती तो उजेडाच्या रूपाने टाकतो. उडी मोठी तर उजेड निळ्या-जांभळ्याकडचा, उडी लहान तर लाल बाजूचा. आता प्रत्येक मूलद्रव्याच्या विहिरीचे बांधकाम वेगळे आहे. सोडियमच्या पायऱ्यांमधले अंतर वेगळे, पोटॅशियमचे वेगळे, लोखंडाचे आणखी वेगळे. म्हणून प्रत्येकाचा उजेड वेगळा. एका मूलद्रव्याच्या पायऱ्या दुसऱ्याशी जुळत नाहीत. हे पायऱ्यांचे गणित डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी १९१३ साली मांडले. पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण पायऱ्या राहिल्या त्या राहिल्या.

हा उजेड नुसत्या डोळ्यांनी पाहिला तर रंग दिसतो. पण बारीक फटीतून घेऊन काचेच्या लोलकातून पाहिला तर रंगाऐवजी रेघा दिसतात. उन्हाचा उजेड लोलकातून गेला की सलग इंद्रधनुष्य पडते. मिठाच्या ज्योतीचा गेला की काळोखात पिवळी रेघ उमटते, आणि यंत्र चांगले असेल तर दिसते की त्या एकमेकींना खेटून असलेल्या दोन रेघा आहेत. बाकी सगळे काळे. शास्त्रज्ञ यांना वर्णरेषा म्हणतात, आपण रेघा म्हणू. जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावी रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्चहॉफ या दोघांनी १८५९-६० साली हे पक्के केले की रेघा ही मूलद्रव्याची ओळख आहे. जनावरांच्या बाजारात आपण शिंग, वशिंड, कपाळावरचा चांद पाहून बैल ओळखतो, तशी. एका झऱ्याच्या पाण्याच्या अर्कात त्यांना कुणालाच माहीत नसलेल्या निळ्या रेघा दिसल्या (ते द्रव्य मिळवायला पुढे सुमारे ४० टन पाणी आटवावे लागले), आणि १८६० साली सिझियम हे नवे मूलद्रव्य सापडले. पुढल्या वर्षी गडद लाल रेघांवरून रुबिडियम. हातात घेण्याइतके मिळण्याआधी नुसत्या रेघेवरून नाव ठेवले. बाळ जन्मायच्या आधी बारसे म्हणा हवे तर.

हे सगळे मी एका गावच्या शेतकरी मेळाव्यात सांगत होतो. खेड तालुक्याचा पूर्व भाग, काळी रानं. पुढच्या रांगेत एक आबा बसले होते. चार एकर बटाटा करणारे, अनुभवी. ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, त्या ज्योतीला माझ्या रानाची काय म्हायती? पन्नास वर्सं मी ह्या मातीत हाय."

प्रश्न रास्त होता. त्यांच्या पत्रिकेत पालाश हेक्टरी ४१२ किलो लिहिला होता. आपल्या महाराष्ट्रात ३६० च्या वर गेले की 'अत्यंत भरपूर' म्हणतात, आणि अशा रानात पालाशची शिफारस केलेली मात्रा निम्म्यावर आणायला सांगतात. बटाट्याची शिफारस हेक्टरी १२० किलो पालाशची आहे, तिची निम्मी ६०. आबांच्या चार एकरांना हिशोबाने म्युरेट ऑफ पोटॅशच्या तीन गोण्या आणि वर थोडे एवढेच पुरत होते. आबा टाकत होते एकरी तीन, म्हणजे बारा गोण्या. दुकानदार म्हणायचा, पोटॅशने बटाटा वजनदार होतो. यात खोटे काही नाही. बटाटा पोटॅश मागतो हे खरेच आहे. पण ताटात भाकरी असताना आणखी किती वाढायच्या, हे जेवणाऱ्याचे पोट पाहून ठरवावे लागते. २०२२ साली म्युरेट ऑफ पोटॅशची गोणी १७०० रुपयांच्या आसपास गेली होती. हा सगळा पोटॅश परदेशातून बोटीने येतो. आबांच्या त्या वर्षीच्या जादा गोण्यांचा हिशोब पंधरा हजारांच्या घरात जात होता. पंधरा हजार म्हणजे नातीची वर्षाची फी, किंवा विहिरीवरच्या मोटारीचे वायंडिंग करून वर काही उरेल एवढे.

मी त्या दिवशी बरोबर स्पिरिटचा दिवा आणि निळ्या काचेचा तुकडा नेला होता. आधी ज्योतीत मीठ धरले, पिवळा झगझगाट झाला. मग आबांच्याच घरच्या गोणीतले पोटॅश धरले. तरीही ज्योत पिवळट दिसली, कारण सोडियम कुठे ना कुठे मिसळलेले असतेच आणि त्याचा उजेड आडदांड, दुसऱ्याला दिसू देत नाही. मग आबांच्या डोळ्यांपुढे निळी काच धरली. ती काच पिवळा उजेड अडवते. "आता?" म्हटले. आबा म्हणाले, "जांभळा हाय की." सगळी पोरे काच मागायला लागली. पण आबा काही पूर्ण वळले नव्हते. गोणीतले पोटॅश दिसले म्हणून मातीतले मोजता येते, हे त्यांना पटत नव्हते. त्यांचे बरोबरच होते. दिसणे आणि मोजणे या दोन गोष्टी आहेत.

मग त्यांचा धाकटा मुलगा उठला. तो चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतकामाच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत नोकरीला होता. म्हणाला, "आबा, आमी रोज हेच करतो. आमच्या भट्टीतलं लोखंड असंच तपासत्यात. तुमी येऊन बघा."

आबा गेले, आणि त्यांच्याबरोबर परवानगी काढून मीही गेलो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात मोटारीचे सुटे भाग ओतणारे, ठोकणारे, घासणारे कारखाने पुष्कळ. १९६० च्या दशकापासून इथली माळरानं कारखान्यांखाली गेली, पुढे नाशिक रस्त्याने ती चाकणपर्यंत पोचली. आपल्यातल्या किती घरांतला एक भाऊ शेतात आणि एक कंपनीत आहे! पण शेतातल्या भावाने कंपनीच्या आत काय चालते ते क्वचितच पाहिलेले असते.

तिथे भट्टीत लोखंडाचा रस चौदाशे-पंधराशे अंश तापलेला, पांढरट पिवळा. एका कामगाराने लांब दांड्याच्या पळीने थोडा रस काढून तांब्याच्या साच्यात ओतला. मोठ्या नाण्याएवढी चकती झाली. मुलाने ती घासून तिचे तोंड सपाट केले आणि यंत्रावर चिमट्यात धरली. या यंत्राला तिथले सगळे 'स्पेक्ट्रो' म्हणतात. आरगॉन वायूचा फुसफुस आवाज आला, मग चर्र करून ठिणगी. लखलखीत निळसर. ठिणगीत चकतीचा कणभर पृष्ठभाग जळून वाफ झाला, त्या वाफेच्या उजेडाच्या रेघा झाल्या, आणि यंत्राच्या आत प्रत्येक रेघेच्या जागेवर तिची राखण करणारा एकेक डोळा बसवलेला होता. मिनिटभरात पडद्यावर आकडे आले: कार्बन ३.३८, सिलिकॉन २.०५, मँगेनीज, गंधक, स्फुरद... वीसएक नावे. स्फुरद आणि गंधक ही नावे वाचून आबा चमकले. "हे तर आपलं खतातलं!"

मुलगा आपल्या साहेबासमोर बोलतो तशा ठामपणे सांगत होता. कार्बन कमी पडला तर वरून घालायचा, सिलिकॉन कमी तर फेरोसिलिकॉन. गंधक वाढले तर ओतलेला माल ठिसूळ निघतो. तोवर भट्टीतला रस थांबून असतो. आकडा आल्याशिवाय ओतायचा नाही. माझ्या लक्षात राहिले ते एवढे: एका चकतीच्या आकड्यावर ते लोक भट्टीभर लोखंड अडवून धरतात. आबांनी विचारले, "आणि आकडा चुकला तर?" मुलगा म्हणाला, "म्हणून रोज सकाळी पयल्यांदा माहीत असलेली चकती लावून बघायची. तिचा आकडा बरोबर आला तरच पुढं." प्रयोगशाळेत पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणावर काटा जुळवतात तेच हे. आबा परत येताना एसटीत काही बोलले नाहीत. त्या हंगामात त्यांनी निम्म्या रानात हिशोबाची मात्रा टाकली आणि निम्म्या रानात नेहमीच्या तीन गोण्या. मला ते आवडले. बटाटा दोन्हीकडे सारखाच निघाला. पुढच्या वर्षी सगळ्या रानात हिशोब.

रेघांची ही विद्या आपल्या मुलखाला तशी नवी नाही. विजयदुर्गाचे नाव तुम्ही हेलियमच्या संदर्भात ऐकले असेल. तिथे दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, त्याची सावली दक्षिण भारतावरून गेली. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात इंग्रज लष्करातले लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. ग्रहणात सूर्याच्या कडेला ज्या तांबूस ज्वाळा दिसतात त्यांच्या उजेडात झळझळीत रेघा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या. त्यात एक पिवळी रेघ अशी होती की ती सोडियमच्या रेघांच्या शेजारची, पण सोडियमची नव्हे. नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने ती ग्रहणाशिवायच, त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये पाहिली आणि पुढे म्हटले की हे पृथ्वीवर न सापडलेले मूलद्रव्य आहे. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले. रसायनवाले फारसे मानायला तयार नव्हते. १८९५ साली विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ सापडली, तेव्हा वाद संपला. सत्तावीस वर्षे माणसाकडे त्या मूलद्रव्याची फक्त एक रेघ होती.

मग विजयदुर्ग कुठे आले? लॉकयर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावर त्यांच्या दुर्बिणींसाठी बांधलेल्या ओट्यांना लोकांनी साहेबाचे नाव दिले. म्हणजे हेलियम विजयदुर्गावर सापडला ही गोष्ट जशीच्या तशी खरी नाही. दोन ग्रहणे लोकांच्या तोंडी एक झाली. पण हेलियम ज्याने ओळखला तो माणूस त्या किल्ल्यावर सूर्याच्या रेघा टिपायला बसला होता, हे खरे. माझ्या मते हेही कमी नाही.

त्याच ग्रहणाची दुसरी गोष्ट मात्र आपण विसरलो. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, कावसजी दादाभाई नायगामवाला नावाचे पारशी प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीने त्यांनी तिथे वेधशाळा उभी केली. तिचे नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. वीस इंची आरशाची दुर्बीण होती, तेव्हा भारतातली सर्वांत मोठी. आणि नायगामवालांचा ओढा रेघांच्या विद्येकडेच होता. १८९८ च्या ग्रहणाला ते सगळी यंत्रे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच उतरले होते. आदल्या दोन वर्षांत या मुलखाने दुष्काळ आणि प्लेग दोन्ही पाहिले होते. अशा वेळी करमाळ्याच्या त्या माळावर देशोदेशीचे लोक जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी तंबू ठोकून राहिले. गावकऱ्यांना काय वाटले असेल कोण जाणे. ग्रहणात तर आपण विळीसुद्धा हातात घेत नाही. पुढे १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. करमाळ्याकडच्या वाचकांनी आपल्या गावातल्या मुलांना हे जरूर सांगावे.

आणि आजची गोष्ट हवी असेल तर चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगावला जा, तिथून खोडदला. उसाच्या आणि द्राक्षांच्या रानांत तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसतील. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद, अशा तीस. चौदा मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या तीन फाट्यांनी दूरवर गेलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली. ती उजेड पाहत नाही, रेडिओ लहरी ऐकते. हायड्रोजनचीही एक रेघ आहे, पण ती उजेडात नाही, २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरीत आहे. दूरची आकाशगंगा आपल्यापासून लांब जात असते, म्हणून तिची लहर ताणली जाते. एसटी भोंगा वाजवत पुढे निघून गेली की आवाज उतरतो, साधारण तसेच. खोडदच्या तबकड्यांनी साडेसात हजारांवर आकाशगंगांचा ताणलेला क्षीण संदेश एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वी त्यांत किती हायड्रोजन होता ते सांगितले. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वरूप त्याआधी महिनाभरच, सप्टेंबरमध्ये वारले होते. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते, गावोगावची शाळकरी मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. मुलांना घेऊन जा.

असो. आकाशातून पुन्हा विहिरीवर येऊ, कारण मला खरे तर एका विहिरीबद्दल सांगायचे आहे.

चाकणच्या जवळ एका ओढ्याकाठी एक आजी मेथी, पालक, कोथिंबीर करतात. नवरा नाही, मुलगा कंपनीत ठेक्यावर. ओढ्याच्या वरच्या अंगाला लहानमोठी शेड झाली आहेत. दोन वर्षांपूर्वी आजी कार्यालयात आल्या. म्हणाल्या, "पावसाळा सरला की पाणी हिरवट दिसतंय. पालकाची पानं करपत्यात. माल तर लोकांच्या पोरांच्या पोटात जातो." हे शेवटचे वाक्य त्यांनी आपणहून म्हटले, मी विचारले नव्हते.

विहिरीचे पाणी हिरवे दिसले की शेवाळही असते आणि दुसरे काहीही असू शकते. डोळ्यांवर विसंबता येत नाही. जस्त, निकेल, क्रोमियम असे धातू शोधायला फ्लेम फोटोमीटर पुरत नाही, कारण साध्या ज्योतीत ते नीट उजळत नाहीत. त्यासाठी रेघांचा दुसरा गुण वापरतात. जे मूलद्रव्य तापल्यावर जी रेघ टाकते, तीच रेघ त्याची वाफ दुसऱ्याच्या उजेडातून गिळूनही घेते. उन्हाच्या वर्णपटात ज्या शेकडो काळ्या रेघा आहेत, त्या जर्मनीतल्या फ्राउनहोफर या काचकाराने १८१४ सालीच मोजल्या होत्या. त्या अशाच गिळलेल्या. याच तत्त्वावर १९५५ साली ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी यंत्राची रीत मांडली. निकेल शोधायचे तर निकेलचाच दिवा लावायचा. त्याचा उजेड ज्योतीतून पाठवायचा आणि ज्योतीत पाण्याचा फवारा सोडायचा. पाण्यात निकेल असेल तर तो आपलाच उजेड खातो. किती खाल्ला, तेवढा निकेल. तुमच्या पत्रिकेतले जस्त, लोह, मँगेनीज, तांबे असेच मोजतात. जस्त ०.६ च्या खाली गेले की आपण झिंक सल्फेट सांगतो, ते याच यंत्राच्या भरवशावर.

आजींच्या पाण्याचा अहवाल आला. जस्त ठीक. निकेल लिटरला ०.३१ मिलिग्रॅम. ओलिताच्या पाण्यात ०.२ च्या वर निकेल नसावा असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा दंडक आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला, शेडच्या पलीकडे असलेल्या दुसऱ्या विहिरीत ०.०४ निघाले.

आजींनी कागद हातात घेऊन पहिला प्रश्न केला, "कुणाचा हाय ह्यो?" मला उत्तर देता आले नाही. रेघ धातूचे नाव सांगते, तो कुठल्या दारातून आला ते नाही सांगत. ते शोधायला ओढ्याच्या प्रत्येक वळणावर नमुने घ्यावे लागतात, आणि ते अधिकार असलेल्या माणसाने, सीलबंद बाटलीत, दोघांच्या सह्यांनिशी घ्यावे लागतात, नाहीतर पुढे टिकत नाही. अर्ज झाले. तपासणीला माणसे आली ती पहिल्या वर्षी भर पावसात, ओढा दुथडी वाहत असताना. तेव्हा काय सापडणार? आजींनी दुसरा अर्ज केला. त्यात त्यांनी अहवालाचा आकडा, तारीख आणि दोन्ही विहिरींमधले अंतर लिहिले. तो अर्ज वाचल्यावर संबंधित साहेबांचा आवाज जरा खाली आला असे मुलाने सांगितले. मला त्यात नवल वाटत नाही. 'पाणी खराब आहे' असे म्हणणाऱ्याला परतवता येते. '०.३१' म्हणणाऱ्याला परतवायला दुसरा आकडा आणावा लागतो.

दरम्यान आजींनी त्या पाण्यावर पालेभाजी बंद केली. दोन वाफे शेजाऱ्याच्या बोअरवर घेतात, बाकी रानात झेंडू. झेंडूला भाव कधी असतो कधी नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांचे नुकसान झाले आहे आणि ते कुणी भरून दिलेले नाही.

तुमच्याही विहिरीची वा रानाची अशी शंका असेल तर नमुना घेताना काही गोष्टी सांभाळा, कारण ही यंत्रे फार हळवी असतात, कणाकणाने फसतात. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी माती घेताना जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली वापरू नका, बादलीचेच जस्त अहवालात येईल. पितळी भांडे नको. प्लॅस्टिकचे घमेले आणि लाकडी किंवा न गंजणारे अवजार घ्या. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरून आणणारे दर आठवड्याला भेटतात, त्यांच्या रानात पालाश उतू जात असतो! बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती टाळा. एकरात आठ-दहा जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती घ्या, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे अर्धा किलो उरेपर्यंत. धातूंसाठी पाणी द्यायचे तर बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या. ती आम्लाने धुतलेली असते आणि तीत आम्लाचे थेंब घालावे लागतात, नाहीतर धातू बाटलीच्या कडेला चिकटून बसतात आणि पाणी आहे त्याहून चांगले दिसते.

आजींच्या विहिरीचे पुढचे पाणी वैशाखात काढायचे ठरले आहे, ओढा आटलेला असतो तेव्हा. या वेळी दोन्ही विहिरी, ओढ्यातली तीन डबकी आणि शेजारचा बोअर असे सहा नमुने. बाटल्या आणून ठेवल्या आहेत. मुलाने त्या दिवसाची रजा टाकली आहे.